लोकप्रिय कलाप्रकारांतील हास्य आणि मराठी समीक्षेची भाषादृष्टी

प्रस्तावना :
चित्रपट, दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम आणि वर्तमानपत्रांतील शब्दकोडी यांचा आस्वाद घेणारा मराठी समाज बहुतांशी एकच आहे. समीक्षेने मात्र या तिन्हींना वेगवेगळ्या पंक्तींत बसविले आहे. चित्रपटाला परीक्षण लाभते, विनोदी कार्यक्रमाला प्रेक्षकसंख्येचा आकडा लाभतो आणि शब्दकोड्याला दुसऱ्या दिवशीचे उत्तर. वस्तुतः या तिन्हींचे समान द्रव्य भाषा हे आहे. कोणती मराठी गंभीर, कोणती हास्यास्पद आणि कोणती अचूक, याचा निर्णय हे तिन्ही प्रकार आपापल्या परीने रोज देत असतात. या निर्णयाची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम आहे आणि ते अद्याप पुरेसे झालेले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

श्रेणीव्यवस्थेचा वारसा :
या उपेक्षेची मुळे जुनी आहेत. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. त्यांपैकी स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, विहसित व उपहसित मध्यम प्रकृतीच्या आणि अपहसित व अतिहसित अधम प्रकृतीच्या पात्रांना नेमून दिले आहेत. म्हणजे कोणी किती मोठ्याने हसावे, हेही प्रतिष्ठेवरून ठरत होते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शब्दचमत्कृतीवर आधारलेल्या चित्रकाव्याला सर्वांत खालची श्रेणी दिली. ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचणाऱ्या मोरोपंतांच्या वाट्याला कौतुकाबरोबर कृत्रिमतेचा आरोपही आला, त्यामागे हीच दृष्टी होती. न. चिं. केळकरांनी ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहून विनोदाला शास्त्रीय विचाराचा विषय केले. तथापि विनोद कशातून निर्माण होतो, या प्रश्नाला जेवढे महत्त्व मिळाले तेवढे तो कोणाच्या जिवावर निर्माण होतो, या प्रश्नाला मराठी समीक्षेत मिळाले नाही.

चित्रपट : हसणाऱ्यांची जागा
हा दुसरा प्रश्न अलीकडच्या काळात चित्रपटांनीच उपस्थित केला आहे. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचे शीर्षक कैकाडी बोलीतील असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. जब्याच्या घरात हा साधा, व्यवहारातला शब्द आहे. गावकऱ्यांच्या तोंडी जाताच तो शिवी बनतो. शेवटच्या प्रसंगात जब्याचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते आणि गाव करमणुकीचा खेळ पाहावा तसे हसत असते. जब्याने भिरकावलेला दगड अखेरीस थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. या दगडाचा अर्थ व्यवस्थेविरुद्धचा विद्रोह असा सहज लावता येतो आणि तो योग्यही आहे. परंतु तो दगड सर्वप्रथम हसण्याला दिलेले उत्तर आहे, हे ध्यानात घेतल्यास प्रेक्षकाची जागाही हसणाऱ्यांमध्येच आहे, हे स्पष्ट होते.

‘सैराट’मध्ये (२०१६) याच दिग्दर्शकाने हास्याची दिशा उलटविली. करमाळा परिसरातील बोली बोलणारी आर्ची मराठीत समजत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असे दरडावते तेव्हा चित्रपटगृह हसते. पण ते तिच्या बोलीला हसत नाही, तिच्या रुबाबाला दाद देते. हीच आर्ची हैदराबादला पोहोचताच तेलुगूपुढे निःशब्द होते. तिचे सामाजिक स्थान ढळल्याची पहिली खूण तिच्या भाषेत दिसते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे यांच्याविरुद्ध खटला चालविणारी सरकारी वकील सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह परप्रांतीयाची खिल्ली उडविणारे नाटक पाहते. सभागृह मनापासून हसते आणि दिग्दर्शक कोणतेही भाष्य करीत नाही. हे हसणे आणि न्यायालयातील तिचा युक्तिवाद यांमधील नाते प्रेक्षकाने स्वतः जोडावयाचे असते.

दूरचित्रवाणी : विडंबनाची मर्यादा
या कसोटीवर दूरचित्रवाणीवरील विनोद तपासता येतो. चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरून मुंबई दूरदर्शनने सादर केलेल्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ या मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी साकारलेल्या पात्रांचा विनोद पांढरपेशा वर्गाच्या स्वतःच्या फजितीतून निर्माण होत असे. लेखक, पात्र आणि बव्हंशी प्रेक्षक एकाच वर्गातील होते. त्यामुळे त्यात मार्मिकता होती, जोखीम मात्र अल्प होती.

खाजगी वाहिन्यांनी हे वर्तुळ मोडले. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ पासूनच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांनी निरनिराळ्या प्रदेशांतील आणि वस्त्यांतील नटांना त्यांच्या बोलीसह घराघरांत नेले. पवईजवळच्या फिल्टरपाड्याचे नाव गौरव मोरे यांच्यामुळे महाराष्ट्रभर पोहोचले, ही घटना सांस्कृतिकदृष्ट्या लहान नाही. नट स्वतःच्या वस्तीचे नाव अभिमानाने घेतो तेव्हा हास्याची सूत्रे त्याच्या हाती असतात. परंतु शरीराचा रंग, स्थूलपणा किंवा पुरुषाने नेसलेली साडी एवढ्यावरच हशा मिळविला जातो तेव्हा ती सूत्रे निसटतात. दोन्ही गोष्टी एकाच प्रहसनात घडू शकतात. म्हणूनच ‘दर्जेदार’ वा ‘उथळ’ असा सरसकट शेरा येथे निरुपयोगी ठरतो.

‘चला हवा येऊ द्या’मधील चित्रपट-विडंबन याच कारणाने लक्षणीय आहे. विडंबन हा समीक्षेचाच एक प्रकार होय. ते मूळ कृतीच्या दुबळ्या जागा हेरते. येथे मात्र ज्यांच्या चित्रपटाचे विडंबन होते ते कलावंत प्रसिद्धीसाठी निमंत्रित म्हणून समोर बसलेले असतात. दंश होण्यापूर्वीच विष काढलेले असते. दूरचित्रवाणीने समीक्षेचे रूप घेतले, परंतु तिचे कार्य सोडून दिले, असे म्हणावे लागते.

शब्दकोडे : अचूकतेची चौकट
शब्दकोडे कोणालाही हसत नाही. तरीही भाषेचा निवाडा तेही करते. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात अवतरलेला हा खेळ मराठीत येताना बदलला. इंग्रजी कोड्याच्या चौकोनात एक वर्ण मावतो, मराठी कोड्याच्या चौकोनात मात्रेसह संपूर्ण अक्षर. ‘वर्डल’ हा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ देवनागरीत आणताना हाच पेच पडतो. व्यंजन बरोबर आणि मात्रा चूक, अशा उत्तराला कोणता रंग द्यावा? लिपीचे स्वरूप इतक्या रंजकपणे उलगडणारे साधन भाषेच्या वर्गात अवश्य वापरण्याजोगे आहे.

मात्र चौकटीचा दुसरा अर्थही पाहिला पाहिजे. ‘जल’ या सूचनेचे उत्तर ‘पाणी’ हेच असते. वऱ्हाडी बोलणाऱ्याने ‘पानी’ लिहिल्यास ‘णी’वरून जाणारा उभा शब्द अडतो. हेच ‘पानी’ विनोदी प्रहसनात हशा मिळवू शकते आणि वास्तवदर्शी चित्रपटात अस्सलतेचे प्रमाणपत्र. उच्चार एकच असून एके ठिकाणी तो चूक, दुसऱ्या ठिकाणी गंमत आणि तिसऱ्या ठिकाणी कला ठरतो. खेळाला नियम हवेत आणि लेखनाला प्रमाण हवे, हे निर्विवाद आहे. परंतु खेळातील चूक ही माणसातील उणीव मानली जाऊ लागते, तेथे समीक्षेने बोलावयास हवे.

निष्कर्ष :
१. लोकप्रिय कलाप्रकारांची समीक्षा कथानक व अभिनय यांपुरती मर्यादित न राहता भाषेच्या श्रेणीव्यवस्थेपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.
२. विनोदाचे मूल्यमापन करताना कोण, कोणाला आणि कोठे उभे राहून हसतो, ही कसोटी अभिरुचीच्या ढोबळ शेऱ्यांपेक्षा अधिक उपयुक्त आहे.
३. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. भाषेचा हा गौरव तिच्या बोलींपर्यंत पोहोचतो की नाही, याची परीक्षा प्रत्यक्षात महाविद्यालयीन वर्गातच होणार आहे. घरची बोली घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्यांदा उत्तर देण्यासाठी उभा राहतो आणि वर्गात हसू उमटते, तेव्हा त्या हसण्याचे काय करावयाचे, हा समीक्षेचाही प्रश्न आहे आणि अध्यापनाचाही.