वाकळीची खालची बाजू

अलीकडं गोधडीवर कविता फार होतात. सगळीकडं तेच : आईची माया, ठिगळांची नक्षी, ऊब. आमच्या सातारा-सांगलीकडं तिला वाकळ म्हणतात. ती मी पांघरलीय, म्हणून विचारतो : कवीराज, ही चिंधी आली कुठनं?

खाली जुनं लुगडं, मधी धडपे, वर शिंप्याकडच्या चिंध्या, मग धावदोरा. एवढं कवितेत येतं. पण महारकीच्या हक्कात मढ्यावरचं कापडही होतं. तेही घरात वापरात यायचं. ते ठिगळ कवितेत कुणी लावत नाही.

आटपाडीच्या शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ (१९८१), फलटणच्या बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचा. तिथं गरिबीची नक्षी केलेली नाही. हे जिणं कुणी लादलं, याचा जाब आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, लुगडं फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा. लाज लाचारीची धरायची, चिंधीची कशाला?

माझी आई टाके घट्ट घालायची, कारण थंडी खरी होती. तिचं कसब मी नाकारत नाही. पण दोस्तहो, वाकळीवर लिहाल तेव्हा ती आधी उलटी करून बघा. गाठी सगळ्या खालच्या अंगाला असतात.