गुरुदक्षिणा

दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावात नेमलेले कित्येक अमेरिकन सैनिक कराटे शिकून मायदेशी परतले. पुढे १९७३ साली ब्रूस लीच्या ‘एन्टर द ड्रॅगन’ने पोरासोरांना हवेत लाथा झाडायला लावले. तरी मला मोलाचा वाटतो तो १९८४चा ‘द कराटे किड’. शेवट ठरीवच, स्पर्धेतल्या विजयाचा. मोटारी पुसायला लावून शिष्य घडवणारा ओकिनावाचा मियागी सर्वांनाच आठवतो. मला मात्र विसरवत नाही तो दारूच्या धुंदीत रडणारा मियागी. तो अमेरिकेसाठी लढत होता, तेव्हा जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेनेच डांबलेल्या छावणीत त्याची बायको बाळंतपणात बाळासह दगावली. विद्या तर घेतलीत, गुरुदक्षिणेचे काय?