जळली की जाळली? माणदेश, १९४८ आणि ‘वावटळ’

(माण तालुक्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



विषय तुम्ही मला मोठा दिलाय. मानवसंहार, स्मरण आणि मानवी हक्क. या विषयावर बोलणारे बहुतेक जण ऑशविट्झपासून सुरुवात करतात, रवांडापर्यंत येतात आणि घड्याळ बघून थांबतात. लांबच्या पापावर बोलणं सोपं असतं, कारण ऐकणाऱ्याला त्यात ओळखीचं कुणी दिसत नाही. म्हणून मी आज आपल्याच मुलखात राहणार आहे. १९४८ चं जळीत आणि त्यावर आपल्याच मातीतल्या लेखकानं लिहिलेली कादंबरी, व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’, एवढ्यावरच बोलतो.

प्रसंग थोडक्यात सांगतो. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा नथुराम गोडसे, पुण्याचा, जातीनं ब्राह्मण. ही जात कळल्यावर मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, सांगली इथं ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. सर्वांत जास्त झळ लागली ती सातारा जिल्ह्याला. मोरीन पॅटर्सन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी सरकारी अहवालांच्या आधारे दिलेला आकडा सुमारे ३०० गावं आणि १००० घरांचा आहे. अनेक ठिकाणी माणसांना आधी बाहेर काढलं आणि मग घराला काडी लावली. काही ठिकाणी खूनही झाले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला.

आता यातली विसंगती बघा. आटपाडी, माडगूळ हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. त्याच औंधात १९३९ साली, गांधीजींचा सल्ला घेऊन, राजानं आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला बिनभिंतींचा तुरुंग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथं मोकळेपणी शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा त्यावरूनच आला, आणि त्याची कथा गदिमांची, म्हणजे व्यंकटेशरावांच्या थोरल्या भावाची. खुन्याच्या हातीसुद्धा कुदळ देऊन विश्वास टाकणारा हा मुलूख. आणि दहा वर्षांच्या आत याच टापूत गांधींच्या नावानं शेजाऱ्याच्या छपराला पलिता लागला!

आता आपण या घटनेला म्हणतो काय? ‘जळीत’. म्हातारी माणसं म्हणायची, “अठ्ठेचाळीसला बामणांची घरं जळली.” मराठीत दोन क्रियापदं आहेत. जळणे आणि जाळणे. घर चुलीच्या ठिणगीनंही जळतं. जाळायला माणूस लागतो. एका कान्याचा फरक आहे, पण त्या कान्यात कर्ता उभा असतो. आपण पाऊणशे वर्षं तो कान्या गाळून बोलतोय. तसाच ‘गांधीवध’ हा शब्द. वध राक्षसाचा होतो. आपण तो शब्द सहज बोलतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण ज्या समाजाला खुनाला खून म्हणता येत नाही आणि जाळण्याला जाळणं म्हणता येत नाही, त्याला मानवी हक्क शिकवायचे तर सुरुवात व्याकरणापासून करावी लागेल.

या दृष्टीनं ‘वावटळ’ वाचू. ही कादंबरी साठच्या दशकात आली. एका ब्राह्मण तरुणाच्या नजरेतून ते दिवस दिसतात. या पुस्तकाचा मोठेपणा आधी मान्य केला पाहिजे. ज्यांनी सोसलं त्यांच्यातल्याच एका माणसानं ते लिहिलं, तरी त्यात सूड नाही, छाती बडवणं नाही. माडगूळकर आवाज चढवत नाहीत. जे दिसलं ते सांगतात आणि पुढं जातात.

पण नावाकडे लक्ष द्या. वावटळ. माणदेशात वावटळ कुणाला सांगायला नको. उन्हाळ्यात माळावरून गिरक्या घेत येते, पाचोळा उडवते, निघून जाते. तिला कुणी बोलावत नाही आणि नंतर तिला कुणी जाब विचारत नाही. एवढ्या मोठ्या अन्यायाला लेखकानं निसर्गाचं नाव दिलं. म्हणजे गावानं क्रियापदातून कर्ता काढला, आणि लेखकानं रूपकातून.

याच लेखकानं ‘माणदेशी माणसं’ लिहिलं. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, गणा महार. एकेकाला नाव दिलं, चेहरा दिला, अब्रू दिली. ते पुस्तक आलं १९४९ साली, जळिताच्या दुसऱ्याच वर्षी. ब्राह्मण घरातला एक तरुण, सगळा मुलूख होरपळलेला असताना, याच मुलखातल्या गरीब माणसांबद्दल मायेनं लिहितो. जळिताला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. पण मग प्रश्न पडतोच. ज्यानं धर्मा रामोशाचं मन इतकं जाणलं, त्यानं पलिता धरणाऱ्याच्या मनात शिरायचं का टाळलं? ‘वावटळ’मधला जमाव बाहेरून दिसतो. तो येतो आणि जातो. त्यातला एखादा माणूस रात्री घरी जाऊन भाकरी कशी खातो, हे आपल्याला कळत नाही. माझ्या मते ही या कादंबरीची मर्यादा आहे. आणि दोष एकट्या लेखकाच्या माथी मारता येत नाही. पलिता धरणाऱ्याच्या बाजूनं, इतक्या वर्षांत, कादंबरी तरी किती आल्या?

इथं कुणी म्हणेल, “राग होता ना! सावकारी होती, कुळकर्ण्याची लेखणी होती, शिवाशिव होती.” होती. सगळं खरं आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे. पण तत्त्वज्ञानाच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात ती गोष्ट सांगतो : कारण वेगळं आणि समर्थन वेगळं. पूर का आला हे कळलं, तरी बुडालेल्याचं नुकसान भरून येत नाही.

आता दुसरी बाजू. अलीकडे मोबाईलवर दर जानेवारीत निरोप फिरतात, “१९४८ चा ब्राह्मण नरसंहार.” मृतांचे आकडे दर वर्षी फुगतात. आकड्याला ना गाव, ना नाव. तेव्हा हा शब्द नीट तपासू. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडितानं ‘जेनोसाइड’ शब्द १९४४ साली घडवला. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी त्यावरचा करार मंजूर केला आणि दुसऱ्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा. वर्ष तेच, आपल्या जळिताचं. करारानुसार राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. आपल्याकडे तसं घडलं नाही. तो शब्द इथं वापरणं रवांडातल्या मेलेल्यांवर अन्याय आहे, आणि आपल्या इथल्या सत्यावरही. फुगवलेला आकडा पहिल्याच प्रश्नाला फुटतो, आणि त्याबरोबर खरं घरही खोटं ठरतं.

मात्र शब्द लागू नाही म्हणून सुटका नाही. रवांडात नाक्यावर ओळखपत्र बघत. त्यावर गट लिहिलेला असे. आपल्याकडे आडनाव पुरलं. पॅटर्सनबाईंनीच एका घराची नोंद केली आहे. आडनाव गोडसे, आणि त्या घरातले तीन पुरुष मारले गेले. आकाराचा फरक प्रचंड आहे, पण बी एकच : दोष जन्मावरून ठरतो, हा नियम.

आणि हे बी १९४८ ला पहिल्यांदा पेरलं गेलं असं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारधी, कैकाडी अशा जमातींचं पोर जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. अस्पृश्यतेचा सगळा डोलाराही जन्मावरच उभा. तेव्हा ज्यांची घरं जाळली गेली त्यांनीही हा नियम शतकानुशतकं चालवला होता, हे त्यांच्या नातवंडांनी विसरू नये. आणि आज मोबाईलवर “त्या जातीनं आम्हाला जाळलं” म्हणणारा तोच नियम उलटा फिरवतोय.

तरुण पोरं विचारतात, “सर, आज्यानं काडी लावली असेल. आमचा काय दोष?” कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञानं युद्ध संपल्यावर लगेच, १९४६ साली, याचं उत्तर दिलं. त्यानं दोषाचे चार प्रकार केले : कायद्याचा, राजकीय, नैतिक आणि त्याहून खोलवरचा, माणूस म्हणून वाटणारा. गुन्हा ज्याचा त्याचा असतो, अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवता येत नाही, हे त्यानं ठामपणे सांगितलं. पण समाज म्हणून जे झालं त्याची जबाबदारी उरते. मी तुम्हाला तेच म्हणेन. दोष वारशानं येत नाही. सातबारा मात्र येतो, आणि त्याबरोबर त्या जागेची गोष्टही येते.

जळितानंतर बरीच कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली. पुढं कुळकायद्यानं उरलेला धागाही तुटला. तो कायदा न्याय्यच होता, पण परिणाम असा झाला की आठवण पुण्याला गेली आणि जागा इथं राहिली. तिकडं आठवणीला शेजारी नाही, इकडं जागेला आवाज नाही. दोन्हीकडं ती नासते.

शेजारी वडूजला ९ सप्टेंबर १९४२ च्या गोळीबारातल्या नऊ हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथं आपण मान झुकवतो, झुकवलीच पाहिजे. गोळी परक्या सरकारची होती, मेलेले आपले होते. असं स्मरण जमतं आपल्याला. काडी आपली आणि घरही आपल्याच गावातलं, तेव्हा काय करायचं, हे अजून जमलेलं नाही.

मी स्मारक मागत नाही. दगड बसवला की लोक निर्धास्त होतात. मी शाळांकडे एवढंच मागतो. ३० जानेवारीला अकरा वाजता दोन मिनिटं उभे राहता, तसंच ३१ ला नववी-दहावीच्या पोरांना ‘वावटळ’मधली काही पानं वाचून दाखवा, आणि तिच्याच शेजारी लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. दोन्ही एकत्र, म्हणजे कुणालाच आपलं दुःख एकट्याचं वाटणार नाही. मग पोरांना वही देऊन म्हाताऱ्यांकडे पाठवा. नियम तीन. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. कुणी जाळलं याबरोबर कुणी वाचवलं, कुणी धान्याच्या कणगीआड लपवलं, हेही विचारा. आणि आजच्या कुठल्याही घरावर बोट ठेवायला ती वही वापरायची नाही.

हे लवकर करा. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीला टेकलंय. आणखी चार-पाच उन्हाळ्यांनी पाहिलेलं सांगणारं कुणी उरणार नाही, मग मोबाईलच सांगेल. वहीतलं पहिलं वाक्य कसं असावं, तेवढं मात्र मी आजच सांगून ठेवतो : घरं जाळली. पुढचं पोरांना लिहू द्या.