‘संवादी’ सांगीतिक खेळणी : तान्ह्या बालकासाठी निवडीच्या निकषांची चिकित्सा

बीजशब्द : सांगीतिक खेळणी, प्रतिसाद, अंगाई, खुळखुळा, बालविकास

प्रस्तावना

तान्ह्या बालकासाठी खेळणे निवडणे ही प्रायः घरगुती बाब समजली जाते. संगीताच्या वा शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने तिची दखल घ्यावी, असे सहसा कोणाला वाटत नाही. मात्र गेल्या दोन-तीन दशकांत बारशाच्या आहेरात चांदीच्या वाळ्यांच्या जोडीला बॅटरीवर चालणारी, कळ दाबताच गाणारी, दिवे लुकलुकवणारी खेळणी येऊ लागली आणि त्यांच्या खोक्यांवर ‘इंटरॲक्टिव्ह’ हे विशेषण हमखास दिसू लागले. मराठीत या विशेषणासाठी ‘संवादी’ हा शब्द रूढ होत आहे. खेळणे खरोखर कोणाशी संवाद करते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात केंद्रस्थानी ठेवला आहे.

‘संवादी’ या शब्दाची कसोटी

‘संवादी’ हा शब्द मराठी वाचकाला संगणकयुगाने दिलेला नाही. रागसंगीतात तो पूर्वापार आहे. यमनात गांधार वादी, तर निषाद संवादी. वादीला राजा आणि संवादीला प्रधान म्हणण्याचा प्रघात प्रसिद्धच आहे. प्रधानाने राजाला साथ द्यावयाची असते, त्याच्या जागी बसून कारभार हाकावयाचा नसतो. हाच अर्थ खेळण्याला लावला, तर बालकाची कृती वादी आणि खेळण्याचा ध्वनी संवादी ठरला पाहिजे. बाजारातील पुष्कळ खेळण्यांत हे नाते नेमके उलटे झालेले आढळते. बालकाचे बोट कळीवर चुकून जरी पडले, तरी एक संपूर्ण ध्वनिमुद्रित गीत सुरू होते. बोट उचलले तरी ते थांबत नाही. हळू दाबले काय किंवा जोराने आपटले काय, आवाज तोच राहतो. बालकाने केवळ दार उघडावे आणि आत दुसऱ्याचीच मैफल चालू असावी, असा हा प्रकार होय.

याउलट खुळखुळा पाहावा. मंद हलवला तर मंद, वेगाने हलवला तर दाट आणि हात थांबला की तत्काळ शांतता. क्रियेच्या मात्रेत ध्वनीची मात्रा बदलते, हा त्याचा खरा गुण. घुंगुरवाळ्यात हे तत्त्व आणखी सूक्ष्म होते, कारण तेथे बालकाला काही पकडावेही लागत नाही. पाय झाडला की नाद होतो आणि नाद ऐकून पाय पुन्हा झाडला जातो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांच्या प्रसिद्ध प्रयोगमालेशी या घुंगुरवाळ्याचे साम्य लक्षणीय आहे. 1969 मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या या प्रयोगपद्धतीत बालकाच्या पायाला बांधलेल्या फितीचे दुसरे टोक पाळण्यावर टांगलेल्या झुलत्या खेळण्याला जोडले जाई. पाय जितक्या जोमाने हलेल, तितके खेळणे अधिक हले. दोन-तीन महिन्यांची बालके हा संबंध अल्पावधीत ओळखत आणि पाय हलवण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढवीत. ‘मी केले म्हणून घडले’ याची जाण इतक्या लवकर येते, हे त्यातून दिसले. पाळण्यावरचे चिमणाळे नुसते टांगलेले असते तेव्हा ते पाहण्याची वस्तू असते, पायाशी जोडले गेले की ते करण्याची वस्तू होते. संवादीपणाची मीमांसा याहून नेमकी करता येणे कठीण आहे, आणि तिच्यासाठी एकही बॅटरी लागत नाही.

बुद्धिवर्धनाचा दावा

सांगीतिक खेळण्यांच्या विक्रीस ‘मोझार्ट परिणाम’ या कल्पनेने मोठा हातभार लावला. 1993 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्सिस रॉशर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या टिपणातील श्रोते महाविद्यालयीन विद्यार्थी होते. दोन पियानोंसाठीची मोझार्टची एक रचना ऐकल्यानंतर अवकाशीय तर्काच्या कसोटीत त्यांची जी सरशी दिसली, ती दहा-पंधरा मिनिटांपुरती होती. अभ्यासात तान्हे बालक एकही नव्हते. तरीही 1998 मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका पोहोचवण्यासाठी सरकारी निधी मागितला. शास्त्रीय टिपणापासून राज्याच्या अंदाजपत्रकापर्यंतचा हा पाच वर्षांचा प्रवास संशोधनपद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी वर्गात अवश्य सांगावा असा आहे. खेळण्याच्या खोक्यावर ‘बुद्धिमत्ता वाढवते’ असे छापलेले दिसले, तर त्यापासून निवडीस कोणतेही साहाय्य होत नाही, एवढे नोंदवून पुढे जाणे इष्ट.

मोठ्यांचा आवाज

अधिक गंभीर प्रश्न खेळण्याभोवतीच्या माणसांचा आहे. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातील ॲना सोसा यांनी 10 ते 16 महिन्यांच्या बालकांच्या व पालकांच्या 26 जोड्यांचा घरगुती खेळ ध्वनिमुद्रित केला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इलेक्ट्रॉनिक खेळणी, साधी खेळणी आणि पुस्तके अशी तीन साधने आलटून पालटून दिली होती. इलेक्ट्रॉनिक खेळणी हाती असताना पालकांनी उच्चारलेले शब्द कमी झाले आणि बालकाच्या हुंकाराला मिळणारे उत्तरही घटले. जोड्या थोड्या होत्या आणि ती खेळणी केवळ सांगीतिक नव्हती, बोलणारीही होती. त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लावणे योग्य नव्हे. तथापि त्याची दिशा अनुभवाशी जुळणारी आहे. यंत्र गाऊ लागले की आजी गप्प बसते. आजीचा सूर हलतो, शब्द विसरतात, मधेच ती बाळाच्या डोळ्यांत पाहून लय सैल करते आणि त्याने हुंकार दिला की तोच स्वर पुन्हा घेते. यंत्राला यातले काहीही जमत नाही.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे निर्णायक वाटतो. सहा महिन्यांच्या बालकांचे दोन गट पालकांसह सहा महिने संगीतवर्गाला येत राहिले. एका गटात पालक-बालक मिळून अंगाई व हातवाऱ्यांची गाणी म्हणत आणि छोटी तालवाद्ये वाजवत. दुसऱ्या गटात बालके खेळण्यांत रमत आणि ध्वनिमुद्रित संगीत पार्श्वभूमीला चालू असे. वर्षाच्या वयाला पहिल्या गटातील बालके बोट दाखवणे, निरोपाचा हात हलवणे यांसारख्या खुणांत पुढे होती. संगीत दोन्ही गटांच्या कानी पडत होते. फरक होता तो सहभागाचा.

तालाच्या बाबतीतही शरीराचा सहभाग निर्णायक दिसतो. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी 2005 मध्ये सात महिन्यांच्या बालकांना आघातविरहित ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या, तर काहींना दर तिसऱ्या ठोक्यावर झुलवले. पुढे बालकांनी आपापल्या झुलण्याशी जुळणारा आघात असलेला ठेका अधिक वेळ ऐकला. दुसऱ्याला झुलताना नुसते पाहून हा परिणाम साधला नाही. सहा मात्रा दोन-दोनांत विभागाव्यात की दादऱ्यासारख्या तीन-तीनांत, हे बालक मांडीवर शिकते. त्यामुळे गुडघ्यावर नाचवणारा मामा हा बाजारातील कोणत्याही ठेका देणाऱ्या खेळण्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो.

प्रत्यक्ष निवड

याचा अर्थ जुने ते सर्व सोने, असा घेऊ नये. जत्रेतील खुळखुळ्याचा रंग तोंडात जातो, शिवण उसवली की आतले दाणे घशात अडकू शकतात आणि वाळ्याचे सैल घुंगरू तर उघड धोका होय. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे लाकडी खेळण्यावर चिन्ह नसणे हा दोष ठरत नाही, पण तपासणीची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. बॅटरीच्या खेळण्यात झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे आधी पाहावे. गिळलेली बटणाएवढी बॅटरी अन्ननलिकेस दोन तासांत गंभीर इजा करू शकते.

इलेक्ट्रॉनिक खेळणे घ्यावयाचेच असेल, तर दुकानातच दोन परीक्षा शक्य आहेत. कळीवरून बोट उचलताच ध्वनी थांबतो का आणि कमीअधिक जोराने दाबल्यास त्यात काही फरक पडतो का, हे ऐकावे. एका कळीस एक स्वर असलेले खेळणे एका कळीस एक गीत असलेल्यापेक्षा निःसंशय सरस. नखाएवढ्या ध्वनिक्षेपकातून मंद्र सप्तक उमटत नाही, सारे काही तार सप्तकात किणकिणत राहते. हे खेळणे बालकाचा आखूड हात कानाजवळच धरतो. म्हणून दुकानदाराप्रमाणे ते हातभर दूर धरून न ऐकता, स्वतःच्या कानाशी नेऊन ऐकावे. तेथे मोठ्या माणसाला जो आवाज सोसत नाही, त्याचे खेळणे परत फळीवर ठेवावे.