श्वानांच्या लिम्फोमातील औषधप्रतिकार : मोजमाप आणि त्याचा अर्थ

श्वानांतील लिम्फोमावर डॉक्सोरुबिसिन, विन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड व प्रेडनिसोलोन यांची संयुक्त योजना करण्याचा प्रघात आहे. बहुसंख्य रुग्णांत रोग आरंभी मागे हटतो. परंतु तो उलटला म्हणजे तीच औषधे निष्प्रभ ठरू लागतात. यामागील एक कारण म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६ साली ज्युलियानो व लिंग यांनी हॅम्स्टरच्या पेशींत वर्णिलेले हे प्रथिन औषध पेशीबाहेर लोटते. त्याच्या एबीसीबी१ या जनुकाचा संदेशवाहक आरएनए अर्बुदात मोजावा व त्यावरून उपचाराचे फलित वर्तवावे, अशी ही संशोधनदिशा आहे. तिचा हेतू स्तुत्य असला, तरी तिच्या निष्कर्षांविषयी तीन आक्षेप नोंदविणे अगत्याचे वाटते.

पहिला आक्षेप गणिताचा. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात असे गृहीत धरल्यास पाच आवर्तनांचा फरक ३२ पटींचा ठरतो. वाढ प्रत्यक्षात १.८ पटच असेल, तर तो सुमारे १९ पटींवर येतो. तुलनेसाठी घेतलेले एकमेव संदर्भ-जनुक अर्बुदात स्थिर नसेल, तर हाही आकडा डळमळतो.

दुसरा आक्षेप नमुन्याचा. सुईने घेतलेल्या नमुन्यात निरोगी पेशीही येतात आणि त्यांतही हे जनुक व्यक्त होऊ शकते. रुग्णाला आधीच प्रेडनिसोलोन दिले होते काय, याची नोंद नसेल तर तुलनाच फोल.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे आणि प्रथिन म्हणजे कार्य नव्हे. कोली जातीच्या काही श्वानांत या जनुकातील चार बेसांचा लोप २००१ साली उघडकीस आला. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास प्रथिन अपुरेच राहते. तेथे आरएनए कितीही आढळला तरी औषध बाहेर लोटणारे कोणी नसते. शिवाय सायक्लोफॉस्फामाइड या प्रथिनाच्या मार्गाने बाहेर जात नाही. त्याच्या अपयशाचा खुलासा या मोजमापातून कसा मिळावा?

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. एका आकड्यावर विसंबून उपयुक्त औषध नाकारले गेले, तर त्याची किंमत मुका प्राणी भरतो. म्हणून त्याच श्वानाचे उपचारापूर्वीचे व रोग उलटल्यानंतरचे नमुने एकत्र तपासावेत आणि आरएनएच्या जोडीला प्रथिन व त्याचे कार्यही पाहावे. तोवर असे आकडे अनुमानास साहाय्यभूत मानावेत. निर्णयाचा आधार मानू नयेत.