गाण्याविना गिटार

मागच्या हंगामात आमचा धाकटा आठवड्यातून तीन रात्री मोरजीला गिटार वाजवायला जायचा. डिचोलीहून स्कूटरने, पाठीवर गिटार. एकदा हट्टाने मीही गेले. दोन तास तो वाजवत होता. माणसं जेवत होती, बोलत होती, फोटो काढत होती. मध्येच एकाने येऊन हिंदी गाण्याची फर्माईश केली. ते वाजलं तेव्हा टाळ्या पडल्या. त्याआधी त्याने स्वतः बांधलेली धून वाजवली होती. ती संपली हे माझ्याशिवाय कुणाला कळलंसुद्धा नाही. परत येताना तो म्हणाला, "आई, शब्द नसले की लोकांना ऐकूच येत नाही गं."

आता त्याला नोकरी सोडून हेच करायचं आहे. गायकामागे नाही, बँडमध्ये नाही. एकट्याची गिटार, स्वतःच्या धुना. यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा गिऱ्हाईक कसं आटतं ते आम्ही बघितलं आहे. त्यामुळे यांचं म्हणणं, "निदान गाणं तरी शिक म्हणावं. नुसती तार कोण ऐकणार?"

प्रश्न चुकीचा नाही. म्हणून मी दोन तबकड्या पुन्हा नीट ऐकल्या, स्वयंपाक करताना नव्हे, बसून. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं बसायची सवय आहे. एक तबकडी ऐकायला त्याहून जास्त वेळ लागत नाही.

पहिली १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. एचएमव्हीसाठी ती घडवून आणली आपल्या जी. एन. जोशींनी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, तबल्यावर माणिकराव पोपटकर आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. लोक संतूर आणि बासरी लक्षात ठेवतात. गिटारवाल्याचं नाव विचारलं तर बहुतेकजण थांबतात. माझं मत असं, की ही तबकडी बांधून ठेवली आहे ती गिटारने. संतुरावर काडी पडते आणि स्वर सुटा होतो. ते ठिपके टाकतं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला विचारा, ठिपके मोजून टाकले तरी चित्र उमटतं ते रेघेनं. ती रेघ काब्रांची आहे.

ती त्यांनी फुकट मिळवलेली नाही. बोटांनी पडद्यावर दाबून वाजवायच्या गिटारीत लांब मींड अवघड; आणि मींड नाही तर राग कसा बोलणार? काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी गिटार आडवी घेतली, तारांवर पोलादी कांडी सरकवली, चिकारीच्या तारा जोडल्या. म्हणजे आधी काय म्हणायचं ते ठरलं आणि त्यासाठी हात बदलला. आमच्याकडे उलटं चालतं. वेग आधी कमावतात, म्हणायचं काय ते नंतर शोधतात.

एक उणंही सांगते. ही तबकडी काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाच्या एका दिवसाची कथा म्हणून मांडली आहे. कथा गोड आहे, पण ती ऐकणाऱ्याला धरायला दिलेली काठी आहे. शब्द दाराबाहेर ठेवले आणि खिडकीतून आत घेतले. पहाडी ऐकताना मेंढपाळ विसरून पाहा. काही कमी पडत नाही.

दुसरी तबकडी आपल्या माणसाची. अमान्सियो डिसिल्वा, आईवडील गोव्याचे, जन्म १९३६ चा, मुंबईतला. पुढे ते लंडनला गेले. १९६९ साली जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी 'हम दोनो' ही तबकडी केली. तिच्यात 'बॅलड फॉर गोवा' नावाची त्यांची रचना आहे. त्या काळी गोव्याचे किती वादक मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसत! गाणं गाजायचं आणि त्यांची नावं कुठे छापली जायची नाहीत. डिसिल्वांनी स्वतःच्या नावाने स्वतःच्या चाली वाजवल्या. त्यांनी गिटार आडवी केली नाही. जाझच्या सरळ धरलेल्या गिटारीवरच त्यांनी चालीचं वळण इथलं ठेवलं. काब्रांनी हात बदलला, यांनी चाल.

आणि दोघांनाही सोबत लागली. हे मला महत्त्वाचं वाटतं. स्वतंत्र वादक म्हणजे एकटा वादक, असं आमचा धाकटा समजून चालला आहे. 'हम दोनो' या नावातच दुसरा माणूस आहे. दुसऱ्याचा स्वर चालू असताना आपण कधी गप्प बसायचं, हे कळल्याशिवाय आपलं वाक्य आपलं होत नाही. मोरजीला मी ऐकलं तेव्हा त्याच्या धुनेत श्वासाला जागाच नव्हती. लोकांचं लक्ष जाईल या भीतीने तो एकही क्षण रिकामा सोडत नव्हता. त्यामुळे लोक ऐकत नव्हते यात सगळा दोष लोकांचा नव्हे.

पोटाचं काय, याचं उत्तर मात्र या तबकड्या गोड देत नाहीत. डिसिल्वांनी पुढे लंडनमध्ये संगीत शिकवलं. सत्तरच्या दशकात वाजवून ठेवलेली त्यांची 'कोंकण डान्स' बाजारात आली २००६ साली. ते १९९६ मध्ये गेले होते. हे मी धाकट्याला सांगितलं. यांनाही सांगितलं, कारण लपवून मिळवलेली परवानगी टिकत नाही.

शेवटी एक वर्ष ठरलं आहे. सकाळी चार मुलांना तो शिकवेल, हंगामात फर्माईशी वाजवेल, त्यात कमीपणा नाही. आणि रोज रात्री जेवणानंतर स्वतःची एक धून आम्हा दोघांसमोर वाजवेल. धुनेचं नाव सांगायचं नाही, गोष्ट सांगायची नाही. माझं लक्ष कुठे सुटलं ते मी सांगेन. काल तिसऱ्या मिनिटाला सुटलं. यांचं सुटलं नव्हतं, पण त्यांनी ते कबूल केलं नाही, फक्त म्हणाले, "ते मधलं परत वाजव."