वायूचा शोध आणि वायूचे संशोधन

मराठीत 'तेलसंशोधन' म्हणतात ते जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली तेल आणि वायू हुडकण्याच्या कामाला. प्रयोगशाळेत चालते तेही संशोधनच. या एका शब्दाने आपली दिशाभूल केली आहे, असे मला वाटते. वायू सापडला की संशोधन संपले, असे आपण धरून चालतो; तो वर कसा आणायचा, हे शास्त्र मात्र विकत घ्यायची वस्तू ठरते.

प्रारंभी त्याला इलाज नव्हता. १९७४ साली बॉम्बे हायवर पहिली विहीर खोदणारी 'सागर सम्राट' जपानमध्ये बांधलेली होती. त्याआधीची पाहणी सोव्हिएत जहाजाने केली होती. नवख्या उद्योगाने उसनवारी केली तर बिघडत नाही. पण समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेल्या मिथेनच्या, म्हणजे वायू-हायड्रेटच्या शोधासाठी २००६ साली मोहीम निघाली ती 'जॉइडीस रेझोल्यूशन' या अमेरिकी कार्यक्रमातल्या जहाजावरून, आणि २०१५ ची मोहीम जपानच्या 'चिक्यू'वरून. तीस-चाळीस वर्षांनंतरही जहाज परक्याचेच.

जपानने हायड्रेटचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ मध्ये सुरू केला. समुद्रातली पहिली उत्पादन-चाचणी झाली २०१३ मध्ये. सहा दिवसांत विहिरीत वाळू शिरली आणि ती थांबवावी लागली. त्यांनी त्या वाळूचाच अभ्यास केला आणि २०१७ मध्ये पुन्हा चाचणी घेतली.

आपल्याकडे काय झाले? कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रातून एप्रिल २००९ मध्ये वायू येऊ लागला. वर्षभरात उत्पादन दिवसाला सुमारे सहा कोटी घनमीटरवर गेले. पुढच्या चारेक वर्षांत ते एक-चतुर्थांशाच्या आसपास उतरले. कंपनीने खडकाच्या स्वभावाकडे बोट दाखवले, सरकारने कमी खोदलेल्या विहिरींकडे. वाद लवादापर्यंत गेला. खर्च, किंमत आणि करार यांवर रकाने भरले. खोल समुद्रातला तो साठा असा का वागला, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

बुद्धीची वानवा आहे असे नाही. तेल व वायू महामंडळाच्या उत्पादन-तंत्रज्ञान आणि सागरी अभियांत्रिकीच्या संस्था पनवेलला आहेत. हायड्रेटचे केंद्रही तिथेच आहे. उणीव आहे ती तीन गोष्टींची : ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठांना खुली होणारी साठ्यांची माहिती, अपयशाची मुभा असलेल्या चाचणी-विहिरी, आणि सरकारे बदलली तरी पंधरा वर्षे न आटणारा निधी.

तयार तंत्र मिळत असताना गरीब देशाने हा खर्च का करावा, असे विचारले जाते. उणे १६२ अंशांवर द्रवरूप वायू साठवण्याची टाकी जरूर विकत घ्यावी. ती सगळीकडे सारखीच चालते. खडकाचे तसे नाही. जपानची चाचणी वाळूच्या थरांत झाली; २००६ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात सापडलेला हायड्रेटचा जाड थर चिकणमातीच्या भेगांत होता. त्या मातीचे उत्तर कुणी आपल्यासाठी शोधून ठेवलेले नाही.

आज देशाला लागणारा जवळपास निम्मा वायू बाहेरून येतो. ऊर्जेतला त्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि २०३० पर्यंत तो पंधरावर न्यायचा संकल्प आहे. स्वतःच्या खडकाचा अभ्यास टाळून तो आकडा गाठला, तर आपण वाढवलेली असेल ती केवळ आयात.